विश्लेषण : गंभीर दम्यावर नवे इंजेक्शन आले, आंबिवलीच्या रुग्णापर्यंत ते का पोहोचत नाही?

कल्याणनंतर शहाड आणि त्यापुढे आंबिवली. कसारा मार्गावरच्या या परिसरात ‘दम्याचे इंजेक्शन’ म्हटले की लोकांना कोपऱ्यावरचा दवाखाना आठवतो. रात्र बसून काढायची, सकाळी दवाखाना उघडला की सुई घ्यायची, थोडी वाफ घ्यायची आणि श्वास मोकळा झाला की कामावर जायचे, असा अनेक घरांतला शिरस्ता आहे. गेल्या काही वर्षांत मात्र फुप्फुसरोगतज्ज्ञ काही मोजक्या रुग्णांना एक वेगळेच इंजेक्शन सुचवू लागले आहेत. ते झटका आल्यावर घ्यायचे नसते, तर झटका येऊ नये म्हणून दोन, चार किंवा आठ आठवड्यांनी घ्यायचे असते. एका डोसची किंमत पाच आकडी असते. दोन्हींना बोलीभाषेत इंजेक्शनच म्हणतात. त्यामुळे रुग्णांची गल्लत होते आणि अपेक्षाही चुकतात. त्याहून मोठा प्रश्न पैशांचा आहे. आपल्याकडची सरकारी योजना काय किंवा खासगी विमा काय, झटका येऊन रुग्ण खाटेवर पडला की पैसे देतात; झटका टाळण्यासाठी पैसे मागितले की मात्र अडखळतात. ही रचना बदलली नाही, तर नवे औषध गरजूंपर्यंत पोहोचणार नाही.

नेहमीची सुई आणि नवे इंजेक्शन यांत फरक काय?

दवाखान्यात झटक्याच्या वेळी दिली जाणारी सुई बहुतेक वेळा डेरिफायलिनची किंवा डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन अशा स्टेरॉइडची असते. डेरिफायलिन आवळलेल्या श्वासनलिका सैल करते; स्टेरॉइड तिथली सूज उतरवते. झटका मोठा असेल तेव्हा स्टेरॉइड जीव वाचवते, यात वाद नाही. अडचण सुरू होते ती ही सुई किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या महिन्याआड, पंधरवड्याआड घेण्याची सवय लागली की. मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे, सुजलेला चेहरा, वाढते वजन आणि उडालेली झोप ही त्या सवयीची किंमत असते. आयुष्यभरात अशा गोळ्यांचे चार-पाच छोटे कोर्स झाले तरी हे धोके वाढू लागतात, असा इशारा ‘गिना’ ही दम्यासंबंधीची जागतिक तज्ज्ञसंस्था देते. आंबिवलीच काय, राज्यातल्या कुठल्याही गावात एका वर्षात तेवढे कोर्स घेणारे रुग्ण सापडतील.

नव्या इंजेक्शनांना बायोलॉजिक औषधे म्हणतात. जिवंत पेशींच्या मदतीने तयार केलेली ही प्रतिपिंडे आहेत. संपूर्ण शरीराची प्रतिकारयंत्रणा दाबण्याऐवजी ती दम्याच्या साखळीतला एखादा ठरावीक दुवा तोडतात. मात्र झटका आलेला असताना त्यांचा उपयोग नसतो. त्या वेळी पंप, ऑक्सिजन आणि स्टेरॉइड हाच उपचार असतो.

गंभीर दमा म्हणजे नेमके काय?

खूप दम लागतो म्हणून दमा गंभीर ठरत नाही. योग्य पंप, योग्य मात्रेत, योग्य पद्धतीने आणि नियमित घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा कमी करताच पुन्हा उसळतो, तो गंभीर दमा. ही व्याख्या महत्त्वाची आहे, कारण बहुतेक रुग्णांचे गाडे तिच्या पहिल्याच अटीवर अडते. पंप वापरणाऱ्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांपर्यंत लोक तो चुकीच्या पद्धतीने ओढतात, असे ‘गिना’ सांगते. कुणी पंप दाबतो आणि श्वास नंतर घेतो. कुणी औषध आत गेल्यावर श्वास रोखून धरत नाही. कुणी बरे वाटले की बंद करतो. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज तर घराघरांत आहे.

नेदरलँड्समधील एका अभ्यासात दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांचा दमा ‘आटोक्यात आणायला कठीण’ निघाला. पंपाचे तंत्र आणि नियमितपणा तपासल्यावर खऱ्या अर्थाने गंभीर दम्याचे रुग्ण उरले फक्त ३.७ टक्के. म्हणजे आपल्याला महागड्या इंजेक्शनाची गरज आहे असे ज्यांना वाटते, त्यांतल्या अनेकांना खरे तर पंप नीट ओढायला शिकवणारे कुणी तरी हवे असते.

भारतातले चित्र याहून बिकट आहे. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या देशातील नऊ केंद्रांवरच्या पाहणीत सव्वा लाखाहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांचा सहभाग असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के आणि गंभीर लक्षणे असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांना दम्याचे निदानच झालेले नव्हते. गंभीर लक्षणे असलेल्यांत रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचे जागतिक रोगभार अभ्यास सांगतो. ही दरी नव्या औषधाच्या अभावाने पडलेली नाही. जुने, स्वस्त आणि सिद्ध झालेले औषध रोज न मिळाल्याने ती पडली आहे.

ही औषधे कशी आली?

या गटातले पहिले औषध ओमालिझुमॅब. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मंजुरी मिळाली. ॲलर्जीच्या दम्यात रक्तातील ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड मोठी भूमिका बजावते. ओमालिझुमॅब त्यालाच पकडून निष्प्रभ करते. त्यानंतर आलेल्या मेपोलिझुमॅब (२०१५) आणि बेनरालिझुमॅब (२०१७) यांचे लक्ष्य आहे इओसिनोफिल ही पांढरी पेशी. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत या पेशी गर्दी करतात आणि सूज धुमसत ठेवतात. मेपोलिझुमॅब या पेशींना मिळणारा वाढीचा संदेश अडवते. बेनरालिझुमॅब थेट पेशीवर बसून तिचा नाश घडवते. डुपिलुमॅब आणि टेझेपेलुमॅब ही त्यापुढची नावे.

मेपोलिझुमॅबची कहाणी रुग्णांनी समजून घ्यावी अशी आहे. २००० मध्ये त्याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा निकाल निराशाजनक होता. रक्तातील इओसिनोफिल कमी झाले, दमा मात्र हलला नाही. औषध जवळजवळ मोडीत निघाले होते. मग कॅनडातील परमेश्वरन नायर आणि ब्रिटनमधील प्रणव हलदर यांच्या गटांनी वेगळा प्रश्न विचारला : हे औषध सगळ्यांना देण्याऐवजी ज्यांच्या श्वासनलिकेत खरोखर इओसिनोफिल वाढले आहेत, त्यांनाच दिले तर? २००९ मध्ये दोघांचे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि झटके स्पष्टपणे कमी झालेले दिसले. औषध तेच होते, फक्त रुग्णांची निवड बदलली होती. २०१४ च्या मोठ्या चाचणीत निवडक रुग्णांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. रोज स्टेरॉइड गोळी घेणाऱ्यांवरच्या वेगळ्या चाचणीत त्यांची मात्रा निम्म्याने घटवता आली. बेनरालिझुमॅबच्या २०१७ च्या चाचणीत ही घट ७५ टक्क्यांपर्यंत गेली.

मग आधी कोणत्या तपासण्या हव्यात?

फुंकर मारून करायची फुप्फुसांची क्षमता-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. रक्तातील इओसिनोफिल आणि आयजीई. छातीचा एक्स-रे. गेल्या वर्षात किती झटके आले, किती वेळा स्टेरॉइड घ्यावे लागले, याची नोंद. वरवर पाहता हे सोपे आहे; आपल्याकडे त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला म्हणजे स्टेरॉइड घेतल्यावर रक्तातील इओसिनोफिल काही काळ खाली जातात. आदल्या आठवड्यात दवाखान्यात सुई घेतलेल्या रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो आणि पात्र रुग्ण अपात्र ठरतो. म्हणून ही तपासणी शक्यतो स्टेरॉइड कमीत कमी असताना आणि गरज पडल्यास एकाहून अधिक वेळा करावी लागते. दुसरा खळगा उलट बाजूचा आहे. आपल्याकडे जंत आणि हत्तीरोगाच्या कृमींमुळेही इओसिनोफिल वाढतात. त्यामुळे वाढलेला आकडा दिसला की लगेच इंजेक्शन, असा हिशेब चालत नाही. जंतांचा उपचार आधी करावा लागतो. तिसरा, दम्याच्या रुग्णांत ॲस्परजिलस या बुरशीमुळे होणारा एबीपीए हा आजार भारतात बऱ्यापैकी आढळतो. त्याचा उपचार वेगळा असतो.

दवाखान्याने दिलेल्या सुईचे नाव चिठ्ठीवर लिहिलेले असणे किती आवश्यक आहे, हे यावरून लक्षात येईल. अनेकदा रुग्णाकडे फक्त ‘इंजेक्शन दिले’ एवढीच आठवण असते. तज्ज्ञासमोर बसल्यावर त्या आठवणीचा काही उपयोग होत नाही.

रुग्णांना अनुभव काय येतो?

पहिला अनुभव बहुधा निराशेचा असतो. जुन्या सुईची सवय असलेल्याला तासाभरात मोकळे वाटण्याची अपेक्षा असते. नव्या इंजेक्शनानंतर त्या दिवशी तसे काहीच घडत नाही. काहींना पहिल्या-दुसऱ्या महिन्यात फरक जाणवतो, काहींना अधिक वाट पाहावी लागते. म्हणूनच उपयोग होतो की नाही हे ठरवण्यासाठी किमान चार महिने द्यावेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. एवढा खर्च करून चार महिने थांबायचे, ही कुटुंबाची खरी परीक्षा असते.

उपयोग होतो तेव्हा तो रोजच्या जगण्यात दिसतो. रात्री उशा रचून बसावे लागत नाही. रेल्वेचा पूल न थांबता चढता येतो. स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवता येते. ‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा : दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची संप्रेरके मंदावलेली असतात, त्यामुळे गोळी अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते. तसेच इंजेक्शन सुरू झाले म्हणून पंप सोडून चालत नाही.

सगळ्यांनाच फायदा होतो असेही नाही. काहींना थोडा होतो, काहींना अजिबात नाही. मग औषध बदलावे किंवा थांबवावे लागते. डोकेदुखी, थकवा, सुई टोचलेल्या जागी दुखणे हे दुष्परिणाम नेहमीचे. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते. ओमालिझुमॅबच्या बाबतीत ती साधारण हजारांत एक-दोघांना येते. त्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये ठळक इशारा जोडला. म्हणून सुरुवातीचे डोस रुग्णालयातच घेऊन तिथे काही वेळ थांबावे लागते.

आणखी एक प्रश्न सगळेच विचारतात : हे किती दिवस? यावर ‘कोर्स संपला, आजार गेला’ असे उत्तर नाही. किमान तीन वर्षे मेपोलिझुमॅब घेतलेल्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, औषध थांबवलेल्या गटात झटके लवकर परतले. उपचार सुरू करतानाच कुटुंबाला हे सांगितले पाहिजे. पैसे संपले म्हणून सहाव्या महिन्यात थांबणे हा वैद्यकीय निर्णय नसतो, पण त्याचे परिणाम वैद्यकीयच असतात.

आंबिवलीहून हा उपचार घ्यायचा तर?

साधे गणित मांडू. मेपोलिझुमॅब दर चार आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला १३ डोस. बेनरालिझुमॅबचे पहिले तीन डोस चार आठवड्यांच्या अंतराने आणि नंतर आठ आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षी आठ. ओमालिझुमॅबची मात्रा वजन आणि आयजीईच्या पातळीवर ठरते. कुणाला वर्षाला १३ वेळा घ्यावे लागते, कुणाला २६ वेळा. चार आठवड्यांचा एक डोस ४० हजारांचा धरला, तरी वर्षाचा खर्च ५ लाख २० हजार होतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या किंवा छोट्या दुकानात नोकरी करणाऱ्या घरासाठी हा आकडा म्हणजे उपचार न घेण्याचाच निर्णय.

त्यात प्रवास. फुप्फुसरोगांचा सुसज्ज विभाग गाठायचा तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नाही तर शीव, केईएम, नायर किंवा जे. जे. कसारा मार्गावर कल्याणपुढे लोकल कमी. एक गाडी चुकली की सकाळचा केसपेपर चुकतो. प्रत्येक डोसला रुग्णाची एक दिवसाची मजुरी जाते आणि सोबत येणाऱ्याचीही. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. विकत घेऊन बर्फाच्या डब्यातून न्यायचे, वीज गेली तर फ्रीजची काळजी करायची, हाही या उपचाराचाच भाग. ब्रिटनमध्ये मेपोलिझुमॅबला २०१७ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत जागा मिळाली. झटक्यांची संख्या आणि इओसिनोफिलची पातळी यांच्या काटेकोर अटी लावून तिथे खर्च सरकार उचलते आणि अनेक रुग्ण प्रशिक्षणानंतर घरीच इंजेक्शन टोचून घेतात. अटी कडक आहेत. मात्र त्या पूर्ण करणाऱ्याला आपल्या खिशाकडे पाहावे लागत नाही.

सरकारी योजना मदत करते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दम्याच्या बाबतीत मात्र योजनेचा भर झटका आल्यावर रुग्णालयात दाखल करण्यावर आहे. अत्यवस्थ रुग्ण अतिदक्षता विभागात गेला तर योजना उभी राहते. तोच रुग्ण तिथे जाऊ नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात दर महिन्याला घ्यायचे औषध त्या चौकटीत सहज बसत नाही.

ही चौकट बदलता येत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. डायलिसिस आणि केमोथेरपी हे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करायचे उपचार याच योजनेतून होतात. तिथे सरकारने मान्य केले आहे की काही आजारांत रुग्णाला एकदा खाटेवर टाकून काम भागत नाही. त्याला नियमित यावे लागते. गंभीर दम्याच्या निवडक रुग्णांना तोच न्याय लावायला हवा.

संघटित कामगारांकडे आणखी एक दरवाजा आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला राज्य कामगार विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचारही मिळतात आणि उपचारखर्चावर कमाल मर्यादा नाही. उल्हासनगरला या योजनेचे रुग्णालय आहे. कार्ड असलेल्यांनी तज्ज्ञांची शिफारस घेऊन लेखी मागणी नोंदवायला हवी. अडचण अशी की आंबिवली-मोहने पट्ट्यात ज्यांच्याकडे असे कार्ड होते, त्यांची कंपनी, एनआरसी, २००९ मध्येच बंद पडली. नोकरीसोबत आरोग्याचे कवचही जाते, हे या भागाला नव्याने सांगायला नको.

खासगी विमा असेल तर?

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींचे नियम एकसारखे केले. त्यात १२ आधुनिक उपचारांची यादी दिली आहे, ज्यांना पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे त्या यादीत आहेत. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब ही सगळी त्याच प्रकारची औषधे आहेत. रुग्णालयात दाखल करून, डे-केअरमध्ये किंवा घरगुती उपचार म्हणूनही हे उपचार ग्राह्य धरता येतात.

तरीही ‘२४ तास भरती नव्हती’ किंवा ‘हा बाह्यरुग्ण उपचार आहे’ असे कारण देऊन दावे अडकतात. कंपन्यांना या उपचारांवर रकमेची उपमर्यादा घालता येते, त्यामुळे पॉलिसीची ती ओळ आधी वाचावी. तज्ज्ञाचे पत्र, स्पायरोमेट्री, इओसिनोफिल आणि आयजीईचे अहवाल, वर्षभरातील झटक्यांची यादी हे कागद जोडून पूर्वमंजुरी मागावी. नकार आला तर तो लेखी मागावा. कंपनीच्या तक्रार विभागाने दावा फेटाळला किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांसाठी लोकपालाचे कार्यालय आता ठाण्यातच आहे. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी पहिल्याच नकारावर थांबू नये.

किंमत खाली येऊ शकते का?

थोडी हालचाल झाली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क पूर्ण माफ झालेल्या जीवरक्षक औषधांच्या यादीत मेपोलिझुमॅबचा समावेश होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. इतर औषधांवरचा कर ५ टक्के झाला. कर गेला हे चांगलेच. पण मूळ किंमतच एवढी असताना १२ टक्क्यांच्या सवलतीने रोजंदारीवरच्या घराचा प्रश्न सुटत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत दम्याचे पंप आहेत, ही इंजेक्शने नाहीत. त्यामुळे यादीतल्या औषधांना लागू होणारी कमाल किंमत त्यांना लागू होत नाही. आशा आहे ती ओमालिझुमॅबच्या सममूल्य औषधांकडून. युरोपने २०२४ मध्ये आणि अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये अशा पहिल्या पर्यायी औषधाला मान्यता दिली. स्पर्धा वाढली की किंमत उतरते, हे भारताने कर्करोगाच्या औषधांत पाहिले आहे.

एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च का?

हा आक्षेप रास्त आहे. साधा पंपही न मिळणारे हजारो असताना मूठभरांच्या महागड्या इंजेक्शनावर सार्वजनिक पैसा घालावा का? उत्तर देण्याआधी ही मूठ केवढी आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. त्यात प्रौढ साधारण सव्वानऊ लाख धरू. देशातील १२ केंद्रांवरच्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांमध्ये दम्याचे प्रमाण २.०५ टक्के आढळले होते. त्या हिशेबाने शहरात सुमारे १९ हजार प्रौढ दम्याचे रुग्ण. त्यातील ३.७ टक्के गंभीर धरले तर सुमारे ७००. आज लोकसंख्या वाढली आहे, त्यामुळे आकडाही वाढेल. शिवाय हा केवळ कागदावरचा ढोबळ अंदाज आहे. पण तो एक गोष्ट दाखवतो : प्रश्न लाखोंचा नाही. तपासण्यांची चाळणी लावल्यावर इंजेक्शनला खरोखर पात्र ठरणारे आणखी कमी उरतील.

आणि त्या ७०० पर्यंत पोहोचायचे तर आधी १९ हजारांना तपासावे लागेल. तिथेच या आक्षेपाचे उत्तर आहे. महापालिकेच्या कल्याणमधील रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीतील शास्त्रीनगर रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दम्यासाठी ठेवला, स्पायरोमेट्री केली, प्रत्येकाकडून पंप समोर ओढून घेतला, दर तीन महिन्यांनी पंप मोफत दिला आणि स्टेरॉइडच्या प्रत्येक कोर्सची नोंद वहीत झाली, तर बहुतेकांचा दमा इंजेक्शनाशिवायच आटोक्यात येईल. जे उरतील त्यांची यादी तयार असेल. त्यांना कळव्याला किंवा मुंबईला पाठवून पहिले डोस द्यावेत, पुढचे डोस कल्याणलाच द्यावेत आणि चार महिन्यांनी फायदा नसेल तर थांबवावे. राज्याने सगळ्या महापालिकांची मागणी एकत्र करून खरेदी केली तर दरही घासाघीस करून ठरवता येईल. पंप आणि इंजेक्शन यांत निवड करण्याची गरज नाही; पंपाची व्यवस्था नीट उभी राहिली की इंजेक्शनाचा खर्च आपोआप आवाक्यात येतो.

आणि हवेचे काय?

कुठलेही इंजेक्शन हवा स्वच्छ करत नाही. टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यातील वीटभट्ट्या, रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा, बंद खोलीतली मच्छर अगरबत्ती हे सगळे दम्याला चेतवणारे घटक आहेत. मोहने येथे एनआरसीच्या जागेवर प्रस्तावित असलेल्या सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाला २०२५ मध्ये परिसरातील रहिवाशांनी विरोध केला, त्यामागेही धुळीची हीच भीती होती. प्रकल्पाचे काय व्हायचे ते होईल; पण अशा प्रत्येक निर्णयाच्या कागदांत परिसरात दम्याचे किती रुग्ण आहेत, हा आकडा असायला हवा. महापालिकेकडे रुग्णांची नोंद नसेल तर तो आकडा देणार कोण?

रुग्णाने आज काय करावे?

सर्वांत आधी आपला पंप डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. वर्षात दोन किंवा अधिक वेळा स्टेरॉइडची गोळी किंवा सुई घ्यावी लागली असेल, तर तो धोक्याचा इशारा समजून फुप्फुसरोगतज्ज्ञाला दाखवावे. प्रत्येक झटक्याची तारीख आणि दिलेल्या सुईचे नाव मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. दवाखान्यात विचारायला संकोच करू नये. तज्ज्ञाने बायोलॉजिक सुचवले तर चार प्रश्न विचारावेत : माझा दमा कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या अहवालावरून हे औषध निवडले, उपयोग झाला की नाही हे कधी आणि कशावरून ठरवणार, आणि मध्येच थांबवावे लागले तर काय?

या चारांची उत्तरे डॉक्टर देऊ शकतात. पाचव्या प्रश्नाचे, म्हणजे पैसे कोण देणार याचे, उत्तर मात्र मंत्रालय, महापालिका आणि विमा कंपन्यांकडे आहे. अतिदक्षता विभागाचे बिल भरायला व्यवस्था तयार असते. त्याच पैशांतून रुग्णाला तिथवर जाऊ न देण्याची तरतूद करणे अवघड नाही. त्यासाठी दम्याची मोजदाद खाटेवरून नव्हे, तर पंपापासून सुरू करावी लागेल.